नऊ नंबरचा आवाज

३ मार्च, सोमवार

बासरी! दादाला वेबसाइटवर बासरी हवीय. पान उघडलं की आपोआप वाजणारी. "ग्राहकाला कसं प्रसन्न वाटलं पाहिजे." दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. तिथे प्रसन्न व्हायला कोण येतं? मशीन अडलं म्हणून येतात, आधीच वैतागलेले असतात.

मी नाही म्हटलं, कारणं सांगितली. तर म्हणाला, "तू फार वाद घालतेस." वेबसाइट मी बनवतेय, माझी बाकीची कामं बाजूला ठेवून, आणि वाद घालणारीही मीच. शेवटी हात टेकले आणि लावली बासरी. बंद करायचं बटणसुद्धा काढायला लावलं त्याने. "दिसायला बरं नाही" म्हणे.

४ मार्च

बासरी एक दिवस टिकली.

दादाने गणवेशाच्या कारखान्याच्या मॅनेजरना वेबसाइट पाठवली होती. त्यांनी ती उघडली नेमकी मीटिंगमध्ये. सगळ्यांच्या माना वळल्या. बटण सापडेना (सापडणार कुठून), मग त्यांनी आख्खा कम्प्युटरच बंद केला. हे सगळं त्यांनी दादाला फोनवर ऐकवलं. दादा मला म्हणतो, "आवाज जरा कमी ठेवायला हवा होतास."

हसायला येत नाही, कारण हे काम साधं नाही. साठ मशिनांची वर्षभराची देखभाल. ते मिळालं तर बाबांचं दुरुस्तीचं टेबल राहणार. नाही मिळालं तर दादा दुरुस्ती बंद करून नुसती नवी मशिनं विकायला ठेवणार आणि बाबा घरी. हे त्याने तोंडावर सांगितलंय. बाबा आणि घरी बसणार? सुट्टीच्या दिवशीही आईच्या मिक्सरवर हात ठेवून उभे असतात, आत काय चाललंय ते बघत.

६ मार्च, गुरुवार

आज दुकानात फोन मी घेतला. बाबा घेतच नाहीत. त्यांचं एकच – "फोनवर मशीन कळत नसतं, घेऊन या म्हणावं."

एक बाई होत्या. म्हणाल्या, मशीन कुरकुरतंय. मी विचारलं, कुरकुर म्हणजे कशी? "म्हणजे खडखडतंय हो." बरं, कुरकुर की खडखड? "तुम्ही कटकट म्हणा." कटकट तर मला झाली! आवाजांना आपल्याकडे शब्द ढीगभर, पण प्रत्येकाची कुरकुर वेगळी. शेवटी त्यांनी फोन मशीनजवळ धरून चालवून दाखवलं. टिक, टिक, टिक. सुई खालच्या पत्र्यावर आपटतेय, एवढं मलासुद्धा कळलं.

आणि तिथेच सुचलं. आवाज लावायचाच ना? मग हा लावू! अकरा बिघाडांचे अकरा आवाज, प्रत्येक सात सेकंदांचा. "तुमचं मशीन असं वाजतंय का?" बटण दाबलं तरच वाजेल. खाली बिघाडाचं नाव. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात – 'आवाजावरून बिघाड ओळखणारा चाळीस वर्षांचा कान'. बाबांच्या कानाला इथे मान आहे. लोक दुसरीकडून मशीन परत आणतात त्यासाठी.

जेवताना सांगितलं. दादा म्हणाला, "बासरी काढून खडखड?" बाबा जेवत राहिले. मग आईने त्यांना सगळं पहिल्यापासून मोठ्याने सांगितलं. या घरात एकही माणूस हळू बोलत नाही. बाबा म्हणाले, "बघू."

१० मार्च

चार दिवस रेकॉर्डिंग. बाबांचा रेडिओ एवढा मोठा असतो की समोरचा चपलांवालासुद्धा बातम्या आमच्याच ऐकतो. बारीक करा म्हटलं तर दोन मिनिटं बारीक, की पुन्हा वर. म्हणून बाबा जेवायला घरी गेले की मी दुकानात. दुरुस्तीला आलेली मशिनं एकेक करून चालवायची, फोन जवळ धरायचा, नंबर टाकायचा. नऊ नंबर तर असा किंचाळतो की दातातून कळ जाते.

झाले अकरा. आता बाबांनी ऐकून नावं सांगायची, बस्स. मशिनं नीट होऊन गेलीसुद्धा, त्यामुळे विचारायला बाबाच उरलेत.

११ मार्च

"उद्या बघू."

१३ मार्च

"आता हात तेलाचे आहेत." ऐकायला हात कशाला लागतात!

दादाशीही वाजलं. प्रत्येक आवाजाखाली मी दोन ओळी वर्णन लिहिते आहे – आवाज कसा आहे, किती वेळाने येतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही कळावं, हा नियमच आहे आमच्या कामातला. दादा म्हणाला, "बहिरा माणूस मशीनचा आवाज शोधायला येईल कशाला?" डोकं फिरलं माझं. लिहिलं तरीही.

१५ मार्च, शनिवार

बसले एकदाचे. धरून बसवले.

एक नंबरला म्हणाले, "बॉबिनची डबी ढिली." दोनला, "मोटर." तीन, चार पटापट. सहाला थोडे थांबले. नऊ लावला. मी कान झाकले, आणि हे शांतपणे म्हणतात, "सुई वाकडी." अकराही आवाज चार मिनिटांत उरकले आणि उठले. मनापासून ऐकलंच नाही, मला दिसत होतं. पण म्हटलं, बाबा म्हणजे बाबा, त्यांना झोपेतही कळेल.

संध्याकाळी पान सुरू केलं.

१७ मार्च

पडदे शिवणाऱ्या मावशी दुकानात आल्या. वेबसाइटवर ऐकलं, नऊ नंबर हुबेहूब त्यांच्या मशीनसारखा. खाली 'सुई वाकडी' वाचून त्यांनी तीन सुया बदलल्या, आणि चालवत राहिल्या. मशीन पार जाम. सुईला काही झालंच नव्हतं, आतून कोरडं पडलं होतं ते! तेलाच्या दोन थेंबांचं काम. मावशी चिडल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "तुझे बाबा असं चुकायचे नाहीत गं," एवढंच म्हणाल्या.

१८ मार्च, मंगळवार

मॅनेजरांचा फोन. त्यांच्या कारागिराने अकराही आवाज ऐकले. चार साफ चुकलेत. नऊ नंबरला तर तो हसलाच म्हणे. "चाळीस वर्षांचा कान ना हा?" गुरुवारी स्वतः येणार आहेत, एक अडलेलं मशीन घेऊन. तिथे जमलं तर ठीक, नाहीतर राम राम.

मी बाबांना बोलले. नको तेवढं बोलले. माझं काम तुम्हाला पोरखेळ वाटतो, दादाची मशिनं विकायला मांडली असती तर लक्ष दिलं असतंत, तुमच्यापायी माझं नाव गेलं. आई मध्ये पडली, "पुरे आता." बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, एकटक. मग म्हणाले, "मशीन आण म्हटलं होतं मी."

पान बंद केलं.

२० मार्च, गुरुवार

मिळालं! साठच्या साठ मशिनं.

मॅनेजर आले, कारागीर आला, मशीन टेबलावर चढलं. बाबांनी मशीनवर डावा तळहात ठेवला, उजव्या हाताने चाक फिरवलं. हळू, मग जोरात. डोळे मिटलेले. रेडिओ ठणाणा चालू, तो बंद करायचंही सुचलं नाही कुणाला. बाबा म्हणाले, "आत कोरडं आहे. आणि बॉबिनच्या डबीला चीर आहे, बारीक." कारागिराने डबी काढून उजेडात धरली. केसाएवढी चीर. तो बाबांच्या पाया पडायचा तेवढा राहिला.

मॅनेजर म्हणाले, "वेबसाइट नसती तरी चाललं असतं." दादा हसला. सगळ्यांना चहा आणला.

मला आनंद व्हायला हवा. बाबांचं टेबल राहिलं, हेच तर हवं होतं. पण आतून पेटले आहे. म्हणजे येतं ना सगळं! हेच कोरडेपण माझ्या नऊ नंबरमध्ये होतं, तेव्हा सुई वाकडी? माझ्यासाठी चार मिनिटं कान उघडता आले नाहीत? बाबा पाठमोरे हात धूत होते, तेव्हा मी म्हणालेही, "मुद्दाम केलंत ना?" उत्तरसुद्धा दिलं नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

उद्या पुन्हा बसवणार. सोडणार नाही.

२१ मार्च

दुकानात, टेबलापाशी. रेडिओ मीच बंद केला. मोठा स्पीकर जोडला, नऊ नंबर लावला, पुन्हा पुन्हा वाजत राहील असा. पुढच्या काउंटरवरून दादा ओरडला, "बंद कर, कान फाटतायत!" चपलांवाला बाहेर येऊन बघायला लागला.

बाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. हात मांडीवर. एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "लाव ना. कधीचा बसलोय."

मी बंद केला. आईसारखं मोठ्याने म्हटलं, "स्पीकर बिघडलाय, बाबा."