त्रेपन्नाव्या आठवड्यानंतर

हेर्नोसांद, ७ जानेवारी २०१६

प्रिय तोर्केल, प्रिय अन्निका,

मी ठीक, गुडघा तसाच, तुमची सिग्ने माझ्याकडे सुखरूप. पत्र एकच आहे. पहिलं पान तोर्केलच्या टपालपेटीत टाकते, दुसरं अन्निकाच्या. भांडायला का होईना, एका टेबलाशी बसाल.

सोमवारी सकाळी मी चूल पेटवली, मांजराला बाहेर काढलं आणि दारातला बर्फ ढकलायला लागले. एवर्त गेल्यापासून ते काम माझं. तोर्केल, तुझे बाबा वाटेच्या दोन्ही कडा रुळासारख्या सरळ ठेवायचे. माझी वाट सापासारखी जाते. अजून मी मागे वळून बघते, कुणी हसतंय का. तेवढ्यात त्या वाकड्या वाटेवरून सिग्ने आली. एका हातात बॅग, दुसऱ्यात हॅमस्टरचा पिंजरा, आणि पिंजऱ्यावर तिचीच लोकरी टोपी.

"आजी, या आठवड्यात मी कुणाचीच नाही," ती म्हणाली. "कान गोठलेत माझे. आत येऊ?"

तुमचं ठरलेलं आहे: सम आठवडे बाबांचे, विषम आईचे. आमच्या सगळ्या गल्लीतली पोरं अशीच वाटलेली आहेत. पण गेलं वर्ष त्रेपन्न आठवड्यांचं निघालं. त्रेपन्नावा विषम, आणि त्याच्यामागून येणारा नव्या वर्षाचा पहिला, तोही विषम. अन्निका, "आता तोर्केलची पाळी" म्हणून तू पोरीला त्याच्या फाटकाशी उतरवलंस आणि स्टॉकहोमची गाडी पकडलीस. तोर्केल, "एक म्हणजे विषम" म्हणून तू तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलास. दाराला कुलूप. पोर बस पकडून माझ्याकडे आली.

मी दोघांना फोन केले.

"आई, एक हा आकडा कधीपासून सम झाला?" हा तोर्केल.

"आई, लागोपाठ दोन आठवडे माझेच? मग त्याला बाप कशासाठी ठेवलाय?" ही अन्निका.

दोघांचंही बरोबर. इतकी बरोबर माणसं एका घरात मावली नाहीत, यात नवल नाही. ग्रंथालयातली पुस्तकं वाचून मी जी काही शहाणी झाले, त्यात असा आठवडा कुठे भेटला नव्हता.

मग राहू दे दोन दिवस, म्हणून मीच तिला ठेवून घेतलं. संध्याकाळी तुम्ही वेगवेगळे फोन केलेत आणि तिला एकच सांगितलंत: "बारा वर्षांची झालीस. कायमचं कुठे राहायचं, आता तूच ठरव."

तिने काय ठरवलं, ते दुसऱ्या पानावर.

दुसरं पान

अन्निका, आधी तोर्केलला फोन कर. सुरुवात त्याच्याकडे आहे. घटस्फोट तू त्याच्यापासून घेतलास. मला आई म्हणणं सोडलं नाहीस, म्हणून हक्काने लिहिते.

सिग्नेने विचार केला, तोही मोठ्याने. बाबांकडे पॅनकेक चांगले, पण टॉवेल कायम ओला. तुझ्याकडे टॉवेल कोरडा, पण जेवायला मसूर. मला वाटलं, पोर टॉवेल आणि मसुरातच अडकली. मंगळवारी बटाटे सोलताना विचारलं, "काय गं, अडलंय कुठे?"

"ज्याला मी निवडणार नाही, तो एकटा जेवेल ना," ती म्हणाली. "ओट्याशी उभ्या उभ्या. तू जेवतेस तसा."

मी उभ्याने जेवते हे कुणाला माहीत नसेल, असं मला वाटत होतं. बसलं की समोरची खुर्ची दिसते.

मग तिने निर्णय ऐकवला. ती आणि हॅमस्टर इथेच राहणार. शाळा इथूनही जवळ आहे. बॅग भरून इथे राहायला ये-जा तुम्ही करायची, एक आठवडा बाबांनी, एक आठवडा आईने. "त्यांनाही कळू दे," म्हणाली, "हवी ती पँट नेहमी दुसऱ्याच घरी असते." आठवड्यांना आकडे लावायचे नाहीत. सोमवारी दोघं एकदम आलात, तर दारातच निस्तरा. मसूर आणायचा नाही.

मी तिथेच "नाही" म्हणायला हवं होतं. म्हातारीला करमत नाही म्हणून नातीला धरून बसली, असं लोक म्हणतील. तुम्हीही म्हणाल. त्यात थोडं खरंही आहे. मी एवढंच म्हटलं, "आई-बाबांना विचारते."

दुसऱ्या दिवशी मी एवर्तचे कपडे कपाटातून काढून खोक्यांत भरले, फळ्या पुसल्या आणि कपाट उघडं ठेवलं.

तुम्हा दोघांची,
आई