दुपट्यांखालचा रेडिओ

आई, लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला याच नावाने हाक मारली. सासूबाई फक्त लोकांसमोर. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काल दुपारी रेडिओवर त्या नाटकातला टांगा ऐकला, म्हणून लिहिते आहे.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्या. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झालेली. मुलाच्या बारशाला घरात रेडिओ आला आणि पावसाळ्यात तुम्ही त्याचा खरा उपयोग शोधून काढलात: आतले व्हॉल्व्ह तापले की पेटीचा माथा उबदार होतो, त्यावर दुपटी वाळतात. मग तो दिवसभर चालू, आवाज बंद. मैत्रीण आली की नव्या नाटकांबद्दल बोलायची, कुणाकडे तरी आपलाच आवाज आपल्याला परत ऐकवणारं यंत्र आलंय म्हणायची, आणि मी मान हलवत राहायची. "तू कुठल्या जगात आहेस गं?" असं तिने विचारलं तेव्हा तुम्ही चहा गाळत होतात. उत्तर तुम्हीच दिलंत, "पोराच्या."

माझं एम.ए.चं एक वर्ष राहिलं होतं. कॉलेजात पुन्हा नाव घालायचं हे मी रोज ठरवत होते आणि रोज मोडत होते. त्याच दिवसांत रेडिओवर दर आठवड्याला एक नाटक भागाभागाने लागायचं; तेवढ्यापुरता तुम्ही आवाज सोडू द्यायचात. त्यातली बाई माझ्याच वयाची, दोन मुलांची आई, घर सोडून शिकायला निघालेली. ती गेली तर आपणही नाव घालायचं, असं मी ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

शेवटचा भाग लागतो. बाहेर मामंजी बसलेले. मूल रडू लागतं.

"थोडं ऐकते ना," मी म्हणते.

"पोराक आधी पाज. नाटक खंय पळान जाता?" तुम्ही तुमच्या मालवणीत म्हणता.

ते पळतच होतं. मी आत, शेगडीकडे तोंड करून, मूल पदराखाली. मामंजींना सोसत नाही म्हणून आवाज अगदी बारीक. दारातून तुमची पाठ दिसते: दुपटी बाजूला सारून, पेटीला कान लावून तुम्ही उभ्या आहात. नाटकाचं तुम्हाला कधीच काही नव्हतं. माझ्यासाठी ऐकत होतात, हे तेव्हाही कळत होतं.

"काय झालं, आई? गेली का ती?"

तुम्ही दुपटी पुन्हा पसरलीत. "परत इली," म्हणालात. "पोरांका जवळ घेतल्यान. संपला."

मी नाव घातलं नाही. माझ्या मनातलं तुम्हाला ठाऊकच नव्हतं, असं धरून चालले.

काल जुन्या नाटकांच्या कार्यक्रमात तोच भाग लागला. शेवटी शब्द नाहीत. दार लागतं, मग टांग्याची घुंगरं, विरत विरत जाणारी. इतक्या बारीक आवाजात टांगा येतोय की जातोय, हे कुणाला कळलं असतं? तेवढं मी तुमच्या बाजूने धरते. पण मुलांना जवळ घेतल्याचं तिथे काहीच नाही, आई. ते तुम्ही कुठून आणलंत?

आतल्या खोलीत, दार लोटून, सून बाळाला पाजत होती. तिची रजा संपत आली आहे. नोकरीवर परत जायचं हे तीही रोज ठरवते आणि रोज मोडते. बाळ झोपल्यावर बाहेर येऊन तिने विचारलं, "काय झालं हो आई शेवटी? गेली का ती?"

"परत आली," मी म्हणाले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: काल मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.