दोघींमधलं वीतभर अंतर

प्रिय उन्स,

दहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता एकदम पत्र. फोन केला असता तर तू "बरं, ते राहू दे" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय.

आधी गुडघ्याची बातमी. लिगामेंटच्या ऑपरेशनला नऊ महिने झाले. मी या मोसमात पुन्हा हँडबॉल खेळायचं की नाही, ते येत्या गुरुवारी मदाम बस्मा ठरवणार. माझा व्यायाम त्याच घेतात. मागच्या महिन्यात त्यांनी जमिनीवर मोजपट्टी अंथरून मला एका पायावर उड्या मारायला लावल्या. ऑपरेशनचा डावा पाय उजव्याच्या पंच्याण्णव टक्के भरला. मी खूश. त्या मात्र माझ्या उजव्या मांडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, हा तुझा चांगला पाय नऊ महिने लोळलाय. आपण आजाऱ्याला आळशाशेजारी उभं करतोय आणि आजारी बरा झाला म्हणतोय." मग मनाची तयारी तपासायचा बारा प्रश्नांचा कागद दिला. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, खेळताना गुडघ्याचा विचार येतो का, असले प्रश्न. मी झरझर 'नाही, नाही' लिहून दिलं. तो वाचून त्या म्हणाल्या, "होणाऱ्या सासूसमोर बसल्यासारखी उत्तरं दिलीयस. घरी ने, खरं लिहून आण."

खरं काय ते मलाच कळेना, आणि तेव्हापासून त्याचं कुतूहलच लागून राहिलं. सरळ धावताना भीती नाही. उडी मारून चेंडू फेकतानाही नाही. पण समोर कोणी असेल आणि डावीकडे जायचं सोंग करून उजवीकडे वळायचं असेल, तर डावा पाय टेकायच्या आधीच शरीर थांबतं. मी थांबवत नाही, ते आपलं आपण थांबतं. आमच्या मुली सरावाला समोर उभ्या राहतात, पण मी जवळ आले की त्याच बाजूला होतात, जणू मी कुंभाराच्या चाकावरची ओली सुरई. आमचे प्रशिक्षक सी लत्फी ओरडतात, "अगं, भिंत व्हा, दार होऊ नका." तरी त्या दारच होतात.

तुझी आई, माझी मावशी, खालती मुनिया, अजून दर शुक्रवारी कोर्बाहून मेंढीच्या पायांचा रस्सा पाठवते. पायाने पाय भरून येतो, असं तिचं म्हणणं. शेअर टॅक्सीचा नाजी नाबेलच्या स्टँडवर सगळ्यांदेखत हाक मारतो, "रिहाब, तुझा गुडघा आलाय, उतरवून घे." लोक हसतात, मीही हसते. पण ती डबा का पाठवते, ते तुला माहीत आहे आणि मलाही. तू बूट कपाटात टाकलेस आणि मामाच्या दुकानात बसायला लागलीस, ते का, हेही मला माहीत आहे. तुमच्याविरुद्धच्या सामन्यात जमिनीवर पडल्या पडल्या मीच ओरडले होते, "उन्सने ढकललं." पंचांनी तुला दोन मिनिटं बाहेर बसवलं. तुझ्या गावाने आणि माझ्या गावाने मात्र तुला अजून आत घेतलेलं नाही.

आता ऐक. मदाम बस्मांना माझी जुनी उडी बघायची होती, पाय आळशी व्हायच्या आधीची. म्हणून मी सी लत्फींकडून सामन्यांचं चित्रण आणलं. बघता बघता तुमच्याविरुद्धचा तो सामना आला. तो मी कधीच पाहिला नव्हता. पाहून काय करायचं, मला सगळं आठवतच होतं. मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखा धक्का, मग कट्‌ असा आवाज. मी ते आठ सेकंद थांबवत थांबवत पाहिले, पंधरा-वीस वेळा तरी. माझा डावा पाय टेकतो, बूट जमिनीला चिकटतो, गुडघा आत वळतो. त्या क्षणी तुझा हात माझ्या खांद्यापासून वीतभर लांब आहे. मी पडल्यावर तू पुढे येतेस आणि मगच तुझा हात मला लागतो. मला उचलायला. झाला नाही तो धक्का शरीराने इतका नेमका कसा लक्षात ठेवला, ते मला अजून उमगलेलं नाही. मदाम बस्मा म्हणतात, गुडघा आतून तुटतो तेव्हा पुष्कळांना असंच वाटतं.

हे मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिलं, उन्स. त्यानंतरचे तीनही डबे मी उतरवून घेतले आणि जेवले. तू ढकललं नसशील तर तो गुडघा माझा माझ्यानेच गेला, आणि मग तो पुन्हाही जाऊ शकतो. त्यापेक्षा तू दोषी असलेली मला सोयीची होती. कागदावर काल मी हेच लिहिलं. मदाम बस्मांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आता निदान काय शिकवायचं ते कळलं." सी लत्फींना आणि मुलींना मी ते आठ सेकंद दाखवले आहेत. खालतीला उद्या मी स्वतः येऊन सांगणार आहे. हे पत्र त्याआधी तुला मिळावं म्हणून आज नाजीकडे देतेय, सोबत पेन ड्राइव्ह आहे.

आणखी एक मागणं आहे, नाही म्हणालीस तरी चालेल. गुरुवारच्या आधी मला एकदा खऱ्या भिंतीसमोरून वळून बघायचंय. कपाटातले बूट बाहेर काढ. मंगळवारी पाच वाजता आमच्या हॉलमध्ये ये, आणि माझ्यासमोर उभी राहा. या वेळी हात लागला तर लागू दे.

तुझीच,
रिहाब