सोनिवलीत माझा फोन सुरूच होता

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सुस्वर मोबाईल सेवा,
अंबरनाथ (पूर्व)

दि. १२ फेब्रुवारी २००६

विषय : माझा फोन बंद नव्हता, असे लेखी मिळण्याबाबत.
संदर्भ : आपण बंद केलेली माझी तक्रार.

महोदय,

मी मालिनी हिरामण भोपी, राहणार सोनिवली, बदलापूर, सध्या मुक्काम माहेरी, अंबरनाथ पूर्व. विनंती अर्ज करते की,

१. गेल्या पावसाळ्यात आमचा मुलगा राजू उल्हासनगर कॅम्प ४ मधील दवाखान्यात तापाने दाखल होता. माझे रक्त त्याला जुळत होते. माझे जागरण पाहून डॉक्टर म्हणाले, "घरी जाऊन जरा पडा. रक्त लागलं तर फोन करू, फक्त तो चालू ठेवा." मी पडले नाही. फोन हातात धरून बसले. रेंजच्या काड्या पूर्ण दिसत होत्या.

२. यजमान दवाखान्याबाहेरच्या पीसीओवरून सारखा फोन लावत होते. दर वेळी आपल्या कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई त्यांना सांगे, की हा मोबाईल बंद आहे. शेवटी त्यांनी रिक्षा पाठवली. मी पोहोचले तेव्हा राजू गेला होता.

३. नंतर आपल्याच काउंटरवर मला समजले, की सोनिवलीत डोंगरापलीकडच्या दुसऱ्या सर्कलचा, म्हणजे दुसऱ्या विभागाचा, टॉवर जोरात लागतो. फोन आपोआप तोच पकडतो. पण रोमिंग बंद असेल तर तो टॉवर फोनला घेत नाही. नुसत्या काड्या दिसतात. माझे रोमिंग याच काउंटरवर, "ताई, तुम्ही घरीच असता, तुम्हाला कशाला पाहिजे?" असे म्हणून बंद केले होते.

४. तक्रारीनंतर आपले साहेब घरी आले. त्यांनी स्वतःचा फोन लावून दाखवला. त्यावर रोमिंग चालू होते. यजमानांसमोर ते म्हणाले, "इथे कव्हरेज फुल आहे. बाईंनीच स्विच ऑफ केला असेल." पुढे आपण मला त्याच नंबरवर फोन केलात, तो लागला नाही, म्हणून तक्रार निकाली काढलीत.

५. झोपमोड नको म्हणून हिने फोन बंद केला, असे यजमान आता भावकीत सांगतात. त्यांनी मला माहेरी आणून सोडले. मुलगी किर्ती त्यांच्याकडे आहे. तिला भेटू देत नाहीत.

६. मला भरपाई नको. फोन सुरू होता, रोमिंग बंद असल्याने लागला नाही, एवढेच सही-शिक्क्यासह लिहून सोनिवलीच्या पत्त्यावर पाठवावे. पत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत असावे. यजमान ते वाचतील असे वाटत नाही. किर्ती यंदा पहिलीत आहे, अक्षरे जुळवून वाचते.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
मालिनी हिरामण भोपी