गेटवरचा आजचा शब्द

२ जून १९९९
संकल्प. रोज एक नवा इंग्रजी शब्द, आणि त्याच दिवशी वाक्यात उपयोग. नुसते पाठ करणारे पोपट पुष्कळ आहेत. कंपनीत जर्मन भागीदार येतायत, त्यांना इंग्रजीवाला माणूस लागणारच. गेटजवळच्या फळ्यावर सुविचार मीच लिहितो. उद्यापासून सुविचार बंद, 'आजचा शब्द' सुरू. उल्का म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा. बायकोला व्हिजन नाही.

५ जून
शब्द: डिलिजंट, म्हणजे मेहनती. वाक्यात टाइम ऑफिसातला जिवंत नमुना घातला. मी. मशीन शॉपचे नागोराव वाचून डबा खायला निघून गेले. जळतात.

११ जून
नवे पर्सोनेल मॅनेजर चिटणीस साहेब फळ्यापाशी थांबले. सदाशिव पेठेतले, पण कंपनीत मराठी बोलत नाहीत. वाक्य करेक्ट म्हणाले. यापुढे शब्द तेच देणार. प्रमोशनच म्हणायचं. पेढे नेले घरी.

१२ जून
शब्द: सरप्लस. गरजेपेक्षा जास्त. मी लिहिलं, कँटीनमध्ये भात सरप्लस आहे. साहेब म्हणाले, भात काढा, माणसं घाला. घातली. वाक्य भारदस्त झालं.

१८ जून
शब्द: रिडंडंट. काम न उरलेला. साहेबांच्या सूचनेवरून वाक्यात पेंट शॉप घेतलं. फळ्यापुढे तुफान गर्दी. कोणी बोलत नव्हतं. वाचनाची गोडी लागली की माणूस शांत होतो.

२३ जून
पेंट शॉपला कुलूप. योगायोग.
नागोरावांनी माझा हात धरला. म्हणाले, भाऊ, आमच्या शॉपचं नाव नका लिहू जी, पोरगी बारावीला आहे. समजावलं, अहो, ही नुसती उदाहरणं असतात. दुपारी साहेबांनी वाक्यासाठी त्यांचंच शॉप दिलं. खडू हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. पण वाक्य फार सुंदर जमलं होतं.

३० जून
कंपनीच्या बसमध्ये नागोराव नाहीत. जे उरलेत ते माझ्याशेजारी बसत नाहीत. हुद्दा वाढला की माणूस एकटा पडतोच. उल्काने विचारलं, कामगारच नाहीत, तर टाइम ऑफिसात हजेरी कोणाची मांडता? खोचक प्रश्न. जेवण गेलं नाही. उकाडा.

३ जुलै
आज शब्द आला नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मग पहिल्यांदाच मराठीत बोलले. म्हणाले, उद्यापासून आपण येऊ नका.
शब्द सगळे रोजचेच. घरी येऊन उल्काला सांगायला गेलो. वाक्य होईना.