डाव्या बाजूचा आवाज

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
मुकुंदअण्णा नेहमीप्रमाणे तबकड्या ऐकायला आला आणि नुसती कॉफी पिऊन परतला. तबकड्या वाजवायच्या यंत्राची डावी बाजू दिवाळीपासून खरखरत होती. आज पूर्ण मुकी झाली. जाताना त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "जन्मभर कॉलेजात पोरांना ध्वनी शिकवलास. आता घरातला ध्वनी स्वल्प दुरुस्त कर." चुलत असला तरी थोरला भाऊ, बोलण्याचा हक्क आहे.
दुपारी तबकडीवर सुई धरणारी भुजा सोडवली. नळीतून चार तारा जातात: तांबडी-हिरवी उजव्या आवाजाची, पांढरी-निळी डाव्याची. पांढरी चिमट्याचा स्पर्श होताच तुटली. बाकीच्यांचे वेष्टणही वाळून कडक झालेले. चारही बदलणे हेच शास्त्रशुद्ध.

६ फेब्रु., मंगळ.
चिकपेटच्या बाजारात जाऊन आलो. विजेच्या मोटारींना तार गुंडाळून देणाऱ्याकडे केसासारखी तार मागितली. त्याने बोटांवर धरून पाहिली आणि हसला, हिने पंखासुद्धा फिरणार नाही, सर. मला राहवले नाही. दुकानातच समजावून सांगितले. हिने काही फिरवायचे नाही, फक्त आड यायचे नाही. भुजेला पुढे नेते ती तबकडीची खाच. तार जाड असली की तिचा ताठरपणा भुजेला मागे रेटतो, आणि सुई खाचेच्या एकाच भिंतीला घासत राहते. ऐकून घेतले बिचाऱ्याने. मागे गिऱ्हाईक ताटकळत होते, हे नंतर लक्षात आले.

८ फेब्रु., गुरु.
नव्या चारही तारा एकाच तांबूस रंगाच्या, म्हणून टोकांना वत्सलाच्या शिवणाच्या डब्यातले चार रंगांचे दोरे बांधले. आधी नळीतून दोरा सोडला, मग त्याला तार बांधून हळूहळू ओढली. टोकांवरची लाख खरवडणे हे सर्वांत नाजूक काम. अधिक जोर दिला की तारच जाते. डाख सुरेख बसला. भुजा आता फुंकरीने हलते.
तेवढ्यात व. दारात. "अहो, किती हाका मारल्या! पानं वाढून निवली." स्वयंपाकघर माझ्या मेजाच्या डाव्या हाताला, चार पावलांवर. कामात होतो, म्हटले.

११ फेब्रु., रवि.
दोन्ही बाजू बोलू लागल्या. परंतु...
परीक्षेसाठी जुनी एकसुरी, म्हणजे मोनो, तबकडी लावली. अशा तबकडीत दोन्ही स्पीकरच्या पेट्यांना अगदी सारखाच आवाज जातो, त्यामुळे गाणारी बाई दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे आमच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली, उभी असल्यासारखी वाटली पाहिजे. मला ती उजवीकडे, खिडकीपाशी वाटली. डावी बाजू अजून क्षीण आहे.
मु.अण्णाला पटेना. "घड्याळाखालीच आहे की रे. सरी झालं, अगदी बरोबर. तुझं आणि डाव्या बाजूचं काय वाकडं आहे?" व. सुद्धा म्हणाली, मधोमध आहे. दोघांनाही माझे मन मोडवत नसावे. शिवाय कान तयार असावे लागतात.

१३ फेब्रु., मंगळ.
पांढऱ्या व निळ्या तारेचे सांधे सोडवून पुन्हा डाख दिला. फरक नाही. कुठे चुकतो आहे?

१६ फेब्रु., शुक्र.
आज पद्धतशीर बसलो. वर्गात नेहमी सांगत असे: दोष कुठे आहे ते ओळखायचे असेल तर दोन सारख्या वस्तूंची अदलाबदल करा, दोष ज्या वस्तूत असेल तिच्याबरोबर जागा बदलतो.
भुजेच्या बुडाशी, तारा बाहेर पडतात तिथे, डाव्या-उजव्या तारा बदलल्या. क्षीण बाजू डावीच. म्हणजे भुजा निर्दोष. तिथे हायसे वाटायला हवे होते. अ‍ॅम्प्लिफायरकडच्या वायरी बदलल्या. डावीच. दोन्ही पेट्या उचलून एकमेकींच्या जागी ठेवल्या. डावीच.
मग बदलण्यासारखे एकच उरले. खुर्ची फिरवली आणि पेट्यांकडे पाठ करून बसलो.
आता खिडकीकडची पेटी क्षीण झाली. इतके दिवस जी ठणठणीत होती ती.
व. भाजीला गेली होती. कपाटातून कॉलेजातला नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटून उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या.
व. आल्यावर सांगणार होतो. नाही सांगितले.

१९ फेब्रु., सोम.
सांगितले. अदलाबदलीचा सगळा प्रयोग क्रमाने समजावला, जणू तिची तोंडी परीक्षा होती. ती भेंडी चिरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ओ देत नाही."
केव्हापासून, विचारले. दिवाळीच्या आधीपासून, म्हणाली. तार तुटली होती हे खरे. ती मी डोळ्यांनी पाहिली. पण खरखर ऐकू यायची त्यातली तारेची किती आणि माझी किती, हे आता कोणत्याही अदलाबदलीने वेगळे करता येणार नाही.

२१ फेब्रु., बुध.
कानाच्या डॉक्टरांकडे. मळ निघावा अशी फार इच्छा होती. कान स्वच्छ निघाला. मग त्यांनी नादकाटा वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळावर टेकवला आणि आवाज कुठे जातो ते विचारले. उजवीकडे, म्हणालो. पडदा किंवा हाडे बिघडली असती तर तो डावीकडे गेला असता. त्यांनी सांगण्याआधीच मला कळले होते: आतली नस.
व.ने विचारले, "परत येईल का?" ते म्हणाले, एकाच कानाचे का जावे हे आधी पाहिले पाहिजे, स्कॅन होईपर्यंत काही सांगत नाही. प्रामाणिक माणूस. ही तार चिकपेटला मिळत नाही.

२३ फेब्रु., शुक्र.
एकटा होतो. दोन्ही पेट्यांचा आवाज तोलणारी बॅलन्सची गुंडी बरीच डावीकडे फिरवली. बाई खिडकीतून निघाली आणि घड्याळाखाली येऊन उभी राहिली. डोळे मिटून ऐकले.
व. शेजारी येऊन बसली तेव्हा तिला आवाज डावीकडच्या दाराकडून येत असणार. मीच उठून गुंडी मध्यावर आणली. यंत्राचे खरे स्थान तेच आहे.

२५ फेब्रु., रवि.
सकाळी पाहिले तर गुंडी डावीकडे. मध्यावर आणली. मु.अण्णा आला, त्याच्यासाठी तबकडी काढायला आतल्या खोलीत गेलो. येऊन पाहतो तो गुंडी पुन्हा डावीकडे, आणि व. स्वयंपाकघरात कॉफी ढवळण्यात गर्क.
सुई टेकवली. मु.अण्णाने मान वाकडी केली. "आज बाई दाराकडून गातेय रे. पुन्हा बिघडलं काय?"
मी उठणार, इतक्यात व. पेले घेऊन आली. "काही बिघडलेलं नाही, भावजी. तुम्हीच स्वल्प खिडकीकडं सरका."
त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मग पेला उचलून सरकला. व. माझ्या उजव्या बाजूला बसली.
तबकडीची बाजू संपेपर्यंत बाई घड्याळाखाली गात होती. मंगळवारी स्कॅन.