अकरा हजार फायली

अमरावती,
४ ऑगस्ट २०२४

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोनवर मला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे मी मनाने भरून घेतो, म्हणून पत्र लिहितो. अकोल्याच्या कॉलेजातले दोनशे संगणक सांभाळणाऱ्या पुतणीने काकाचाही एक सांभाळावा, एवढीच मागणी आहे.

दर्यापूरच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली करताना साक्षीदारांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द मी टिपून ठेवले, हे तुला ठाऊक आहे. पुण्याहून आलेल्या न्यायाधीशांना टोंगळा म्हणजे गुडघा हे समजावण्यात अर्धा दिवस गेला, तेव्हापासूनचे हे वेड. आता त्याचा कोश करतो आहे. मुद्रकाला सप्टेंबरअखेर सगळे हवे, आणि संगणक एकेक अक्षर उमटवायला जांभया देतो. मी हात लावलेला नसतानाही त्याचा पंखा घरघरत असतो. तू शिकवलेला टास्क मॅनेजर उघडून पाहिला. प्रोसेसर पंच्याण्णव टक्के गुंतलेला, आणि गुंतवणारे कोणी सर्च इंडेक्सर नावाचे गृहस्थ! यांना मी वकीलपत्र दिलेले नाही.

खरे सांगतो, थकलो. एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणे नाही. हे यंत्र बसले तर वह्या बांधून माळ्यावर टाकीन. तुझी काकूही म्हणते, जाऊ द्या. ती माझ्याशी एवढ्या लवकर सहमत कशी झाली, याचेच नवल वाटते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बापूकाका


अकोला,
८ ऑगस्ट २०२४

ती. बापूकाकांस कृ. सा. न. वि. वि.

माळ्याचे नाव काढू नका, नाहीतर मी येऊन शिडीच लपवीन.

इंडेक्सर चोर नाही, तो तुमचा कारकून आहे. संगणकातली प्रत्येक फाईल वाचून तो यादी करतो, म्हणजे तुम्ही शब्द मागितला की क्षणात हाती येतो. बिचारा पडद्यामागे राबतो, पण कामच एवढे आहे की दमछाक होते. मे महिन्यात मी पाहिले ना, तुम्ही एकेका शब्दाची वेगळी फाईल केली आहे! दुसऱ्या कोणी सगळा कोश एकाच फायलीत लिहिला असता. वकिलाला मात्र प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाईल लागते. अकरा हजार फायली, शिवाय वह्यांच्या पानांचे फोटो, आणि संगणक दहा वर्षांचा.

त्याला कायमचा बंद करता येईल, पण मग अकरा हजारांतून शब्द शोधणार कसा? त्यापेक्षा सलग दोन दिवस संगणक चालू ठेवा आणि त्याला हात लावू नका. यादी पुरी झाली की तो आपोआप गप्प बसेल. मध्येच झटक्यात बंद पडला तर यादी बिघडते आणि कारकून पुन्हा पहिल्या फायलीपासून सुरू करतो. बंद-चालूच्या वेळा कुठे दिसतात ते वेगळ्या कागदावर चित्र काढून दिले आहे.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
आपली,
मैथिली


अमरावती,
१६ ऑगस्ट २०२४

चि. मैथिली हिस आशीर्वाद.

दोन दिवस संगणकावर फडकेसुद्धा फिरवले नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो तो पुन्हा पंच्याण्णव टक्के! मग तुझ्या चित्राबरहुकूम पंचनामा केला. गेले तीन आठवडे रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास 'अनपेक्षितपणे बंद' अशी नोंद आहे. जेवून, वामकुक्षी करून आलो की पडदा काळा असे. मला वाटे, तोही झोपला आहे. बटण दाबले की उठायचा. वीज गेली म्हणावे तर डोक्यावरचा पंखा चालू असतो.

यंत्राचेही वय झाले, दुसरे काय? बाजारातून सुतळी आणली आहे. पुढच्या रविवारी वह्या बांधतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
बापूकाका


अमरावती,
१७ ऑगस्ट

चि. मैथिलीले आशीर्वाद.

मी जशी बोलते तशीच लिहिते, हसू नको. थे यंत्र बिघडलं नाही. रोज जेवणाच्या वक्ताले भिंतीवरचं बटण मीच बंद करते. पाच हाका मारल्यावर हा मानूस ताटावर येते अन् अर्ध्या जेवनातून पुन्हा तिकडंच जाते, म्हनून थो हात धुवाले गेला का मी बटण दाबते अन् थो झोपला का पुन्हा चालू करते.

खरं सांगू का? पयले कोर्टातून आले का नवीन शब्द मले इचारत. अनसूये, तुमच्या गावाकडं याले काय म्हन्तात? ताटावर बसून तासभर बोलत. आता दिवसभर त्या डब्ब्यापुढं बसतात, मले काहीच इचारत नाहीत. मले त्याचा राग येते. पन काल सुतळी पाहिली अन् लपवून ठेवली. वह्या बांधल्या तर हा मानूस बसून जाईन, मैथिली. आता मी काय करू?

तुझी काकू,
अनसूया


अकोला,
२० ऑगस्ट २०२४

ती. काकूंस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून आधी हसले आणि मग डोळे भरून आले. आता एकच करा, हे तुम्हीच काकांना सांगा. मी मध्ये पडणार नाही. ते रागावले तरी चालेल, पण बटणाला दोन दिवस सुट्टी द्या.

कायम तुमच्या बाजूची,
मैथिली


अमरावती,
१० सप्टेंबर २०२४

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

आरोपीने स्वतः कबुलीजबाब दिला. मी दीड दिवस रागावून होतो, आणि मग बटणाचे कारण विचारले. तिने ते सांगितले. त्या दिवसापासून पहिल्याच हाकेला ताटावर येतो.

दोन रात्री आणि दोन दिवस संगणक चालू राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पंखा शांत झाला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर चार टक्के! कारकुनाची परीक्षा घ्यावी म्हणून शोधायला लागलो. प्रत्येक फायलीत अर्थ सांगणाऱ्याचे नाव मी टिपलेले आहे. जमिनीच्या दाव्यातला सूर्यभान फार बोलका साक्षीदार होता, म्हणून त्याचे नाव टाकले. एकेचाळीस फायली निघाल्या. मग गंमत म्हणून अनसूया हे नाव टाकले. चार हजार सहाशे बारा.

मैथिली, मी जन्मभर समजत होतो की हा कोश मला कोर्टाने दिला. कोर्टाने नुसते शब्द दिले होते. मी ते घरी आणून हिला विचारायचो, लिहून घ्यायचो आणि विसरायचो. तिला बोलावून तो आकडा दाखवला.  ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि पहिल्याच फायलीत मी अर्थ चुकीचा लिहिला आहे म्हणाली. मी हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

रोज वीस-पंचवीस दुरुस्त्या होतात, त्यामुळे मुद्रकाकडे तारीख वाढवून मागितली आहे. कोश होणार. मुखपृष्ठाचा नमुना काल आला. त्यावर पहिले नाव तिचे घातले आहे. ते खोडायला ती सांगेल असे वाटले होते. तिने तसे काही म्हटले नाही, फक्त माझे नाव थोडे जवळ घ्यायला सांगितले.

तुझे,
अनसूयाकाकू आणि बापूकाका